१५०० वॅटचं हॅन्डहेल्ड लेझर वेल्डिंग मशीन, जळगावचा मे महिना आणि नेव्हीची लेझर तोफ

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सव्वाबाराला चिलर (लेझरला थंड ठेवणारं पाणी गार करायचं यंत्र) टीं टीं करायला लागला आणि मशीनने लेझर बंद केला. पत्र्याच्या शेडमध्ये थर्मामीटर ४४ दाखवत होता आणि सावद्याच्या एका पार्टीच्या केळी पिकवायच्या चेंबरच्या ट्रॉल्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. तेव्हाच ठरवलं की या मशीनचा रिव्ह्यू लिहायचा, पण पावसाळा बघितल्याशिवाय लिहायचा नाही. आता जुलै निम्मा झालाय, दहा महिने वापरून झालेत, म्हणून लिहितोय. लांबणार आहे, मधे नेव्हीची जहाजंही येणार आहेत, पण ती उगाच नाही आलेली.

आपलं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे जळगाव एमआयडीसीत, चार माणसं. हॉटेलचे एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) ओटे, रेलिंग, क्रेटचे रॅक, ट्रॉल्या असलं काम. मशीन चायनीज फायबर लेझर, १५०० वॅट, सोबत वॉटर चिलर, वायर फीडर, गन आणि दहा मीटर केबल. मला पडलं चार लाख दहा हजार प्लस १८ टक्के जीएसटी. कंपनीचं नाव टाकत नाही कारण आतलं सामान सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं, स्टिकर फक्त बदलतो, आणि डीलरचं नाव का टाकत नाही ते पुढे कळेलच.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलंय. एक एमएमचा एसएस पत्रा टिगने (आमचं आधीचं विजेच्या ठिणगीचं वेल्डिंग) जोडताना तो कसा पापडासारखा वाकतो हे ज्याने केलंय त्यालाच माहीत, मग ठोका, सरळ करा, ग्राइंडर, बफिंग, सांध्यापेक्षा त्याच्या मागची निस्तरानिस्तर जास्त. लेझरने सांधा बारीक येतो, पत्रा वाकत नाही, बफिंग अर्ध्याच्या खाली आलं. जिथे दिवसाला दोन ओटे व्हायचे तिथे पाच होतात. आमचे नाना पंचवीस वर्षं टिग करतात, पहिल्या दिवशी त्यांनी सांधा पडताना बघितला आणि म्हणाले, "हाई ते इजना तुकडा शे भो." म्हणजे हा तर विजेचा तुकडा आहे. मग दोन दिवस गनला हात लावला नाही. आता दुसऱ्या कोणाला लावू देत नाहीत.

फक्त फिटिंग नीट पाहिजे. टिगला गॅप असला तर नाना वायर घालून भरून काढायचे, लेझरला तेवढी माफी नाही, वायर फीडर लावूनही जास्त गॅप चालत नाही, कटिंग वाकडं असेल तर किरण सरळ पलीकडे जातो. चार एमएमच्या वरचं एमएस (साधं लोखंड) असेल तर आपलं जुनं मिग वेल्डिंगच बरं.

आता नेव्ही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई आणि दाजी आले होते. दाजी पंधरा वर्षं नेव्हीत इंजिन रूमला होते, आता अमळनेरला असतात. पुरणाचे मांडे आणि आमरस खाऊन माणूस झोपतो, हे वर्कशॉप बघायला आले. गन हातात घेतली, चिलरभोवती एक चक्कर मारली, मग मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेचं यूएसएस पोन्से नावाचं जहाज, वर दुर्बिणीसारखं एक धूड, आणि लांब एका बोटीवरचं टार्गेट फटकन पेटतं. किरण दिसतच नाही, आवाज नाही, धूर नाही, नुसतं टार्गेट पेटतं. दाजी म्हणाले, "भाऊ, ही तुझीच गन आहे, फक्त मोठी." मला वाटलं मस्करी करताय.

मस्करी नव्हती. त्या जहाजावरचा लेझर ३० किलोवॅटचा, नाव लॉज, आणि त्यात किरण तयार करायला बाजारात मिळणारे वेल्डिंग-कटिंगच्या कामाचे सहा फायबर लेझर एकत्र जोडलेले होते. म्हणजे माझ्या मशीनची वीस भावंडं. नेव्हीने लेझर नवीन शोधला नाही, कारखान्यातला उचलला, आणि खरी मेहनत केली ती तो लांबवर एकाच जागी धरून ठेवण्याची. माझ्या गनचा फोकस नोझलच्या टोकाशी, चार बोटं मागे घेतली तर सांधा धरत नाही. त्यांना हलत्या जहाजावरून उडत्या ड्रोनच्या एकाच ठिपक्यावर काही सेकंद किरण खिळवून ठेवायचा. गोळी लागली की काम झालं, लेझरचं तसं नाही, तो तापवतो, आणि तापायला वेळ लागतो. नाना सांधा मारताना श्वास धरतात, जहाजाला श्वास धरता येत नाही, ते लाटेवर डुलतच राहतं, म्हणून आरसे आणि मोटरी सतत दुरुस्ती करत राहतात.

याच्याही आधी अमेरिकन नेव्ही केमिकल लेझरच्या मागे होती, मिरॅकल नावाचा, मेगावॅटवाला, पण फ्लोरिनसारखे विषारी गॅस जहाजात भरून कोण फिरणार. विजेवर चालणारे लेझर दमदार झाले तेव्हा गाडी पुढे सरकली. २०११ च्या एप्रिलमध्ये पॉल फॉस्टर या रिटायर झालेल्या जहाजावरून १५ किलोवॅटच्या लेझरने एका छोट्या बोटीचं आउटबोर्ड इंजिन पेटवलं होतं. १५ किलोवॅट म्हणजे माझी दहा मशीनं, हे गणित केल्यापासून मी आमच्या गनकडे जरा अदबीने बघतो.

तर दाजींनी व्हिडिओ दाखवला आणि म्हणाले, "लेझरचं कौतुक नंतर कर, आधी पाणी कुठे थंड करतोस ते दाखव." मी चिलर दाखवला, भिंतीला चिकटून, मागे कंप्रेसर. त्यांनी प्लेट वाचली, त्यावर लिहिलेलं की बाहेरचं तापमान ४० डिग्रीपर्यंत. माझ्याकडे बघितलं, वर पत्र्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी चिलर बोलला.

हे गणित डीलर सांगत नाही, म्हणून मी सांगतो. फायबर लेझर साधारण तीस टक्के विजेचा किरण करतो, बाकीची सगळी उष्णता. १५०० वॅटच्या किरणाला पाच किलोवॅट वीज धरा, म्हणजे साडेतीन किलोवॅट गरमी मशीनच्या पोटातून बाहेर काढायची, आणि साडेतीन किलोवॅट म्हणजे बरोब्बर एक टनाचा एसी. म्हणजे तुम्ही वेल्डिंग मशीन नाही, एक टनाचा एसी विकत घेताय ज्याला पुढे गन लावलीय, आणि तो एसी पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात चालवायचाय. हेच जहाजाला लावा. ३० किलोवॅटच्या किरणाला १०० किलोवॅट वीज आणि वीस टनाचं कूलिंग. यूएसएस पोर्टलंडवर १५० किलोवॅटच्या वर्गातला लेझर बसवला, तिथे हाच हिशोब धरला तर किरण चालू असताना ५०० किलोवॅट वीज आणि शंभर टनाचं कूलिंग. दाजी म्हणतात जहाजावर जागा आणि थंड पाणी यावरूनच सगळी भांडणं होतात, रडार मागतं, कॉम्प्युटर मागतात, त्यात हा नवीन जावई आला.

आमचा उपाय असा, चिलर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढला, वर गवताचं छप्पर केलं, त्याची गरम हवा शेडच्या बाहेर जाईल असं पत्र्याचं नळकांडं लावलं. आणि मे महिन्यात लेझरचं काम सकाळी सहा ते अकरा, दुपारी टिग आणि फिटिंग. कुलर शेजारी लावून बघितला होता, तो नका लावू, पाण्याचे बारीक कण उडून सगळीकडे बसतात. लाइटचं वेगळंच, व्होल्टेज खाली-वर झालं की मशीन एरर देऊन थांबतं, सर्व्हो स्टॅबिलायझरचे अठ्ठावीस हजार वेगळे धरा.

आता काच. गनच्या तोंडाशी नाण्याएवढी एक काच असते, प्रोटेक्टिव्ह काच म्हणतात, तिच्या मागची लेन्स महाग, म्हणून पुढे ही स्वस्त काच मरायला उभी केलेली. मी घेतो ती दोनशे ते अडीचशेला एक. नीट वापरली तर आठ-दहा दिवस जाते. नव्या पोराने एकदा विचार न करता जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपवर गन चालवली, जस्ताची वाफ आणि ठिणग्या उडाल्या, सकाळभरात चार काचा गेल्या. चौथी काच मी टॉर्चखाली धरून बघितली, मधोमध राजगिऱ्याएवढा काळा ठिपका, बाकी काच आरशासारखी. आणि तेवढ्याने सांधा धरणं बंद झालं, कारण सगळा किरण तिथून जातो, ठिपका आधी तापतो, मग काच तडकते. पंखा बंद करून, हात धुवून, नवीन प्लॅस्टिक पिशवीच्या आत गन धरून काच बदलायची, स्पिरिट आणि कापसाची काडी. नाना हे करताना कोणाला बोलू देत नाहीत, शिंकला तर बाहेर काढतात.

आणि आपल्याकडे धूळ म्हणजे नुसती धूळ नाही. नोव्हेंबर ते जानेवारी शेजारच्या जिनिंगचा कापूस हवेत असतो, बारीक तंतू, चिलरच्या जाळीवर अक्षरशः गादी तयार होते, दर शनिवारी ब्रशने काढा नाहीतर थंडीतसुद्धा अलार्म. जहाजावर कापूस नाही पण मीठ आहे. दाजी सांगतात की सकाळी डेकवरच्या रेलिंगवर हात फिरवला की हाताला मिठाचा थर यायचा, आणि तसाच थर लेझरच्या खिडकीवर बसला तर माझ्या काचेचं जे होतं तेच तिचं होणार, फक्त अडीचशे रुपयांत निभणार नाही.

हवेचाही त्रास आहे. माझा किरण हवेतून एक वीतभर जातो, त्यांचा किलोमीटरमध्ये. वाफ, धुकं, पाऊस, धुळीचे कण किरणाला खातात आणि पसरवतात. वर जोरदार किरण स्वतःच वाटेतली हवा तापवतो, तापलेली हवा भिंगासारखी वागते आणि किरण फुगतो, थर्मल ब्लूमिंग म्हणतात त्याला. ताकद वाढवली की हाही त्रास वाढतो, म्हणजे नुसता वॅटचा आकडा बघून भुलायचं नाही. मला डीलर २००० वॅटचं घ्या म्हणून मागे लागला होता, पत्रा माझा एक एमएमचा! आणि लेझर सरळ रेषेत जातो, क्षितिजाच्या पलीकडचं त्याला काही करता येत नाही, तिथे मिसाइलच लागतं.

डोळे. हे जरा थांबून वाचा. किरण १०८० नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्या डोळ्याला ७०० च्या पुढचं दिसत नाही, म्हणजे किरण कुठे जातोय ते कळतच नाही, लाल ठिपका दिसतो तो फक्त निशाणीचा. चकचकीत एसएसवरून उडालेला किरण दहा फुटांवर उभ्या माणसाच्या डोळ्यात जाऊ शकतो, पापणी मिटायची संधी मिळत नाही कारण डोळ्याला उजेडच दिसलेला नसतो. नेहमीच्या काळ्या वेल्डिंग काचेवर भरवसा ठेवू नका, चष्म्यावर १०७० किंवा १०८० एनएम (नॅनोमीटर) आणि ओडीचा, म्हणजे काच किरण किती अडवते त्याचा, आकडा छापलेला पाहिजे. मला मशीनसोबत जो हिरवा चष्मा आला त्यावर काहीच छापलेलं नव्हतं, चार हजाराचे दोन वेगळे घेतले. तिन्ही बाजूंनी पत्र्याचे पडदे लावले, चहावाला पोरगा आता बाहेरूनच हाक मारतो. माणसाचे डोळे कायमचे जावेत म्हणूनच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार करून बंदी घातलीय. युद्धात जे चालत नाही ते वर्कशॉपमध्ये चष्मा न घालता आपण फुकटात करून घेऊ.

आता पैसे, आणि इथे मला खरा राग आहे. डीलरने कागदावर काढून दिलेलं की मीटरमागे खर्च अमुक पैसे. त्यात वीज होती फक्त. काच नाही, नोझल नाही, नायट्रोजनची बाटली नाही, स्टॅबिलायझर नाही, चष्मे नाहीत, चिलरचं डिस्टिल्ड वॉटर नाही. दाजींना सांगितलं तर हसले, म्हणाले नेव्हीनेही तेच केलं. पोन्सेच्या लेझरच्या एका शॉटला ५९ सेंट असं जगभर छापून आलं, आणि ते खोटं नव्हतंच, पण तो लेझर तयार करून जहाजावर चढवायला सुमारे ४ कोटी डॉलर लागले होते. ब्रिटनचा ड्रॅगनफायर, त्याचाही शॉट १० पौंडांचा सांगतात. शॉट स्वस्त असतो हो, बंदूक महाग असते. अर्थात त्यांचा हिशोब वेगळा आहे, लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांच्या स्वस्त ड्रोनवर वीस-वीस लाख डॉलरची मिसाइलं सोडावी लागली तेव्हा सगळ्यांना लेझर आठवला, तिथे महाग बंदूकसुद्धा परवडते. माझाही हिशोब बसतोय, बफिंगची मजुरी वाचतेय त्यात दोन-अडीच वर्षांत पैसे निघतील. पण डीलरच्या कागदावर ते आठ महिन्यांत निघत होते.

आणि डेमो. डेमो दुसऱ्या शहरात, एसी हॉलमध्ये, धुतलेला पुसलेला एक एमएमचा एसएस पत्रा, लेझरने कापलेला, गॅप शून्य. तिथे तर माझ्या आईनेपण सांधा मारला असता. मला तेव्हा अक्कल नव्हती. नेव्हीने कसं केलं बघा, २००९ मध्ये हाच लॉज लेझर आधी कॅलिफोर्नियातल्या चायना लेकच्या वाळवंटात जमिनीवर ठेवून ड्रोन पाडले, २०१० मध्ये सॅन निकोलस बेटावरून समुद्रावरचे पाडले, २०१२ मध्ये यूएसएस ड्यूई जहाजावर ठेवून बघितला, आणि २०१४ मध्ये पोन्सेवर चढवून थेट पर्शियन आखातात पाठवला, जिथे उष्मा, धूळ आणि दमट हवा तिन्ही एकदम. प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट जागी नेला. पोन्से निवडलं तेही हिशोबाने, १९७१ चं जहाज, रिटायरमेंटला आलेलं, जुन्या टेम्पोत नवीन इंजिन टाकून बघतात तसं, २०१७ ला सेवेतून निघालंही. त्याच्या चाचण्या चांगल्या झाल्या, कॅप्टनला स्वसंरक्षणासाठी वापरायची परवानगीही मिळाली. तरी पुढची गाडी संथच. पोर्टलंडने २०२० च्या मे महिन्यात पॅसिफिकमध्ये ड्रोन निकामी केला, डिसेंबर २०२१ मध्ये एडनच्या आखातात तरंगतं टार्गेट मारलं, जर्मनांनी सॅक्सन फ्रिगेटवर वर्षभर लेझर ठेवून शंभरावर वेळा चालवून बघितला, आणि अमेरिकेच्याच प्रीबल या जहाजावर ६० किलोवॅटचा हेलिओस नावाचा लेझर बसवला. आपल्याकडे डीआरडीओने १३ एप्रिल २०२५ ला कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवले, त्यांच्याच हैदराबादच्या चेस लॅबचं काम, ऑगस्टमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावरही चाचणी झाली. मला अभिमान वाटला, पण दाजी इंजिन रूमचा माणूस, त्यांचं पहिलं वाक्य, "कर्नूल कोरडं रे भाऊ, खाऱ्या वाऱ्यात जहाजावर वर्षभर राहू दे त्याला, मग पेढे वाटू."

सर्व्हिसचं थोडक्यात. मे महिन्यात चिलर बंद पडला तेव्हा ४८ तासांत माणूस येईल असं करारात होतं, अकराव्या दिवशी आला, फॅन बदलला, साडेसहा हजार घेतले आणि म्हणाला, "तुमच्याकडे गरमीच जास्त आहे." जळगावला येऊन हा शोध लावला! ट्रॉल्या नानांनी रात्री बारापर्यंत टिगवर पूर्ण केल्या, पार्टी एक दिवस थांबली, भलं माणूस म्हणून थांबली.

पावसाळ्याची गंमत उलटी. पहिला मोठा पाऊस पडला त्या सकाळी किरणात जोर नाही, काच बदलली तरी नाही. गन उघडली तर आत काचेवर घाम. चिलर २२ डिग्रीवर सेट होता, हवा दमट, बर्फाच्या ग्लासवर बाहेरून पाणी जमतं तसंच. दाजींना फोन केला, ते म्हणाले पाणी हवेपेक्षा फार गार ठेवू नको. २८ वर सेट केलं, मशीन चालू करून अर्धा तास गन न वापरता ठेवतो, तेव्हापासून त्रास नाही. मॅन्युअलमध्ये हे होतं का? होतं, शेवटून दुसऱ्या पानावर, चायनीजमध्ये.

परत घेईन का, तर घेईन. पण चिलर एक साइज मोठा मागेन, डेमो माझ्या शेडमध्ये माझ्या पत्र्यावर मागेन आणि पन्नास काचा फुकट लिहून घेईन. पाचपैकी साडेतीन स्टार, एक डीलरने खाल्ला, अर्धा चिलरने. कोणाला घ्यायच्या आधी बघायचं असेल तर या, नाना दाखवतील. फक्त मे महिन्यात या आणि दुपारी दोनला या, सकाळी सगळ्यांचीच मशीनं चांगली चालतात.